'द फिट्स' : फिट येणं, फिट बसणं आणि ११ वर्षांची टोनी

सदाफुली

परवा रात्री पोरं झोपल्यावर 'द फिट्स' दुसऱ्यांदा बघितला आणि तेव्हापासून डोक्यात तोच घोळतोय, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. २०१५ चा सिनेमा, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात घडणारा आणि तिथेच शूट केलेला, फक्त ७२ मिनिटांचा. दिग्दर्शिका ॲना रोझ होल्मर, तिची ही पहिलीच फीचर फिल्म. पुढे स्पॉयलर आहेत, आणि भरपूर आहेत, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय या सिनेमाबद्दल बोलताच येत नाही.

तर टोनी ११ वर्षांची आहे, ब्लॅक वस्तीतली मुलगी. मोठा भाऊ जर्मेन बॉक्सिंग करतो आणि तिथल्याच कम्युनिटी सेंटरमध्ये काम करतो, त्यामुळे हिचाही मुक्काम सेंटरवर. सिनेमा सुरू होतो तोच तिच्या सिट-अप्सवर. चेहरा वर येतो, खाली जातो, आकडे मोजणं आणि श्वासाचा आवाज, बस. जिममध्ये सगळी मुलं आणि त्यांच्यात ही एकटी मुलगी, आणि त्याचं कोणाला काही विशेष वाटत नाही, तिलाही नाही. पण त्याच इमारतीत दुसऱ्या हॉलमध्ये मुलींची ड्रिल डान्स टीम सराव करते, लायनेसेस त्यांचं नाव, आणि टोनी दाराच्या काचेतून त्यांना बघत उभी राहते. मग एक दिवस आत जाते.

आपल्याकडे 'फिट' हा शब्द इतका मुरलाय की सिनेमाच्या नावाचं भाषांतर करायची गरजच नाही. माणूस फिट असतो, एखादी गोष्ट फिट बसते, आणि एखाद्याला फिट येते. सिनेमात तिन्ही आहेत आणि याच क्रमाने आहेत. टोनी आधीपासून फिट आहे, दंड बघा तिचे. मग तिला त्या मुलींमध्ये फिट बसायचंय, त्यासाठी कान टोचून होतात, सोनेरी नेलपॉलिश लावून होतं. आणि मग टीमची कॅप्टन लेग्ज सरावात अचानक थरथरायला लागते, कोसळते. मग टीममधलीच करिस्मा. मग एकेक करून बाकीच्या. सगळ्यांना वाटतं पाण्यात काहीतरी आहे. पण मुलांना कोणाला काही होत नाही, फक्त मुलींना. आणि हळूहळू असं होतं की जिला फिट येऊन गेली ती दुसरीला सांगते मला कसं वाटलं, आणि जिला अजून आलेली नाही ती बाजूला पडते. भीती आणि हेवा एकाच चेहऱ्यावर मी क्वचितच बघितलाय.

सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते पुलावरच्या सीननं. रस्त्यावरून जाणारा पादचारी पूल, टोनी एकटी. ड्रिलच्या स्टेप्स घोकतेय, आपण पाढे घोकायचो तशी, आठ आकडे, थांब, पुन्हा आठ आकडे. हात आखडलेले. मग मध्येच कुठेतरी त्या स्टेपमध्ये एक ठोसा शिरतो, मग दुसरा, मग पाय बॉक्सिंगचे आणि खांदे डान्सचे, आणि दोन्ही मिळून तिची स्वतःची अशी तिसरीच चाल तयार होते. तोंडातून शब्द नाही. मी हा सीन तीनदा मागे नेऊन बघितला.

मला जे सांगायचंय ते एवढंच की ब्लॅक मुलींवरचे सिनेमे आपल्यापर्यंत पोचतात ते बहुतेक दुःखाचे असतात. बाप तुरुंगात, आई व्यसनात, गोळीबार, आणि मुलगी म्हणजे एक प्रॉब्लेम, जो कोणीतरी शेवटी सोडवायचा. इथे टोनी कोणाचाही प्रॉब्लेम नाही. तिच्या घरी काय चाललंय हे विचारायलाही सिनेमा थांबत नाही. मोठी माणसं जवळजवळ फ्रेमबाहेरच. ७२ मिनिटं फक्त तिच्याकडे बघायचं, ती काय बघते ते बघायचं, आणि तिला काय झालं हे तिच्या वतीने कोणी समजावून सांगणार नाही. हा मान मला फार मोठा वाटला. तुम्ही कोणी पाहिलाय का?

मंदार_चिंचवड

पाहिलाय आणि तुमच्याइतका आवडला नाही, स्पष्टच सांगतो. कॅमेरा, आवाज, ती मुलगी, सगळं उत्तम. पण तासभर पाणी पाणी पाणी करायचं, टेस्ट करायची, आणि मग शेवटी कारण सांगायचंच नाही? टोनी कॉरिडॉरमधून चालत येते, तिचे पाय जमिनीपासून वर तरंगतात, मग तिला फिट येते, मग चमचमते युनिफॉर्म घालून सगळ्या मुली नाचतात आणि सिनेमा संपला. मी आणि बायको एकमेकांकडे बघत बसलो. प्रेक्षकाला काहीतरी हातात द्यायला हवं असं माझं मत आहे, ज्यांना हे पटत नाही त्यांनी सांगावं की मला काय दिसलं नाही.

शिशिर_डॉक

मंदार, मी न्यूरॉलॉजीत काम करतो म्हणून थोडं लिहितो. कारण सिनेमाने सांगितलं नाही हे खरं, पण जे दाखवलंय ते बऱ्यापैकी अचूक आहे. २०११ च्या शेवटाला न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत असंच झालं होतं. मुलींना झटके, मान उडणं, आवाज निघणं, एकीकडून दुसरीकडे पसरत गेलं, आणि बहुतेक सगळ्या मुलीच. तिथेही लोकांना पहिला संशय आला तो पाण्यावर आणि जमिनीवर, कारण १९७० मध्ये गावाजवळ रेल्वे घसरून रसायनं सांडली होती. शेवटी डॉक्टरांचं मत कन्व्हर्जन डिसऑर्डर असं पडलं, म्हणजे मनावरचा ताण शरीराच्या लक्षणांतून बाहेर पडणं, आणि तेच एकीकडून दुसरीकडे पसरलं की सामूहिक पातळीवर मास सायकोजेनिक इलनेस.

यात लोकांचा गैरसमज होतो म्हणून सांगतो, हे नाटक नसतं. एमआरआय, ईईजी नॉर्मल येतं म्हणून घरचे म्हणतात सोंग करतेय, आणि पोरगी दुहेरी भरडली जाते. झटका खरा असतो, भीती खरी असते, फक्त उगम मेंदूतल्या विजेच्या बिघाडात नसतो. माझ्याकडे येणाऱ्या या वयाच्या मुलींमध्ये मला सगळ्यात कठीण जातं ते हेच, की तिच्याशी बोलायच्या आधी आईबापांशी आणि शाळेशी बोलावं लागतं. या सिनेमात टोनीच्या आणि माझ्यामध्ये कोणीच उभं नाही. डॉक्टर म्हणून मला ही जागा कधीच मिळत नाही.

घागर

आयडीवरून ओळखलं असेलच मी काय म्हणणार आहे ते.

आमच्याकडे नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. बायका घागर तोंडाशी धरून फुंकत गोल फिरतात, तो घुमणारा आवाज चढत जातो आणि मग एखादीच्या अंगात येतं. आम्ही लहान मुली भिंतीला टेकून बघायचो. माझी आत्या एरवी कोणाशी मोठ्याने बोलायची नाही आणि त्या रात्री सगळं घर तिच्या पाया पडायचं. सदाफुलीने लिहिलंय ना, भीती आणि हेवा एकाच चेहऱ्यावर, तो माझा चेहरा होता. मला खरंच वाटायचं की माझ्या अंगात कधी येणार. हा सिनेमा मी अजून पाहिलेला नाही पण वाचतानाच काटा आला.

सदाफुली

घागर, तुझा प्रतिसाद वाचून थांबले जरा. भिंतीला टेकलेली मुलगी आणि दाराच्या काचेशी उभी असलेली टोनी, हे अगदी बरोबर आहे. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अंगात आलं की लगेच त्याला नाव असतं, देवी आली, ओटी भरा, प्रश्न विचारा, म्हणजे बाईचं अंग असलं तरी गोष्ट देवीची होते आणि घराची होते. टोनीच्या फिटला नावच नाही. ती तिच्याकडेच राहते. मंदार, तुम्ही म्हणता हातात काही दिलं नाही, मला वाटतं दिग्दर्शिकेने ते मुद्दाम आपल्या हातात न देता टोनीच्या हातात ठेवलंय.

मंदार_चिंचवड

हे वाक्य पटलं. शेवट अजूनही आवडला नाही.

केतकी_अटलांटा

चर्चा छान चाललीय पण जो मुद्दा इथे अमेरिकेत पहिल्यांदा निघतो तो अजून कोणी काढला नाही. होल्मर गोरी आहे. ब्लॅक मुलीच्या वयात येण्याची गोष्ट, तिच्या शरीराची गोष्ट, आणि कॅमेऱ्यामागे गोरी बाई. आपल्याकडे म्हणतात ना, कान सोनारानेच टोचावेत. मी १४ वर्षं अटलांटात आहे, माझ्या मुलीच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली ब्लॅक आहेत, आणि त्यांच्या केसांवरून, आवाजावरून, चालण्यावरून शिक्षक काय काय बोलतात ते मी पालकसभेत कानाने ऐकलंय. या मुलींना लोक लहान मूल समजतच नाहीत, ९-१० वर्षांची असली तरी मोठ्या बाईसारखं मोजतात. ते ओझं सिनेमात कुठे आहे? सदाफुली म्हणते दुःख नाही हे चांगलं, पण दुःख काढून टाकायची चैन कोणाला परवडते हाही प्रश्न आहे.

आणि ज्या ब्लॅक बायकांनी स्वतः या गोष्टी सांगितल्या त्यांचं काय झालं तेही बघा. लेस्ली हॅरिसने 'जस्ट अनदर गर्ल ऑन द आय.आर.टी.' १७ दिवसांत शूट केला, ब्रुकलिनची १७ वर्षांची शँटेल, डॉक्टर व्हायचंय तिला, तोंडाने फटकळ, आणि मग प्रेग्नंट राहते. १९९३ ला सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला स्पेशल ज्युरी प्राइझ मिळालं. त्यानंतर हॅरिसबाई दुसऱ्या सिनेमासाठी वर्षानुवर्षं पैसे गोळा करत राहिल्या. तेव्हा बक्षीस मिळालेल्या गोऱ्या पोरांची करिअरं कुठल्या कुठे गेली.

सदाफुली

केतकी, मुद्दा बरोबर आहे आणि मला टाळायचा नाहीये. फक्त सिनेमा कसा झाला ते माहीत असावं म्हणून लिहिते. व्हेनिस चित्रपट महोत्सवाची बिएनाले कॉलेज नावाची एक योजना आहे, त्यात तेव्हा १,५०,००० युरो मिळायचे आणि तेवढ्यातच सिनेमा पुरा करायचा. होल्मरला यूट्यूबवर सिनसिनाटीची क्यू-किड्झ ही टीम सापडली, वेस्ट एंड भागातल्या मुलींची खरीखुरी ड्रिल टीम, मार्क्विशिया जोन्स-वुड्स यांनी उभी केलेली. सिनेमातल्या लायनेसेस म्हणजे त्याच मुली. टोनी झालेली रॉयल्टी हायटावर त्याच टीममधली. डान्स बसवलाय तोही टीमच्याच मराया आणि शराया जोन्स या बहिणींनी. आणि संवाद मुलींना वाचायला देऊन, आम्ही असं बोलत नाही असं त्या म्हणाल्या की बदलले गेले. म्हणजे सुई गोऱ्या बाईच्या हातात होती हे खरं, पण कुठे टोचायचं ते बऱ्याच अंशी मुलींनी सांगितलं. हे पुरेसं आहे का? मला ठामपणे हो म्हणता येत नाही.

नूपुर_के

मी कथक शिकवते, १८ वर्षं झाली, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. वर आलंय की रॉयल्टी स्वतः त्या टीममधली डान्सर. म्हणजे तिला त्या स्टेप्स झोपेत येत असणार. आणि सिनेमात ती नवशिकी आहे, पहिल्या सरावात अर्धा ठेका मागे, हात चुकीच्या उंचीवर, डोळे शेजारणीच्या पायांवर. येत असलेली गोष्ट न येणाऱ्यासारखी करणं किती कठीण आहे हे शिकवणाऱ्याला विचारा. मोठे मोठे नाचणारे हे करताना नकली दिसतात, मुद्दाम अडखळतात ते कळतं. ही मुलगी अडखळत नाही, ती खरंच शोधते. आणि मग पुलावर एका क्षणी सापडतं ते तिच्या मानेत दिसतं, पायात नाही. मान सैल होते आधी. माझ्या वर्गात ज्या दिवशी एखाद्या मुलीला ताल सापडतो त्या दिवशी अस्संच होतं.

ड्रिलबद्दल: कॅप्टन आठ आकड्यांची एक चाल टाकते, मागच्या मुली ती उचलतात, आणि समोरासमोर दोन टीम असल्या की उत्तर द्यायचं. साउथकडच्या ब्लॅक कॉलेजांच्या मार्चिंग बँडबरोबर नाचणाऱ्या मुली, जॅक्सन स्टेटच्या जे-सेट्स वगैरे, त्यांच्याशी याचं जवळचं नातं आहे. सवालजवाब म्हणा. म्हणून कॅप्टनलाच पहिली फिट येते हे मला फार शहाणपणाचं वाटलं, कारण तिथे कॅप्टनने केलं की ते बाकीच्यांनी उचलायचं हीच शिस्त आहे.

शिशिर_डॉक

नूपुर, हे माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं. मास सायकोजेनिकच्या पेपर्समध्येही असंच दिसतं, ज्या मुलीकडे बाकीच्या बघतात तिच्यापासून सुरुवात होते. धन्यवाद.

ओहायोकर

उशीर झाला यायला. मी सिनसिनाटीतच राहतो, वेस्ट एंड माझ्या रोजच्या वाटेवर आहे. सिनेमा इथे बघताना वेगळं वाटतं ते सांगतो. ज्या रस्त्यांवरून आम्ही ऑफिसला जातो तो आय-७५ हायवे आणि त्याच्या बाजूचा इंडस्ट्रियल पट्टा आहे ना, तिथे आधी घरं होती. केन्यन-बार म्हणायचे त्या भागाला, वेस्ट एंडचाच खालचा भाग, जवळजवळ सगळी ब्लॅक वस्ती. १९५० च्या दशकाअखेरपासून सुधारणेच्या नावाखाली तो पाडला, २५ हजारांहून जास्त माणसं उठवली. पाडायच्या आधी महापालिकेने इमारतींचे फोटो काढून ठेवलेत, प्रत्येक फोटोत एक माणूस नंबराची पाटी धरून उभा. अलीकडे, २०२१ ला, त्याच वेस्ट एंडमध्ये मोठं फुटबॉल स्टेडियम उघडलं आणि घरभाडी कुठे चाललीत ते बघतोच आहोत.

केतकी विचारतात ते ओझं कुठे आहे. मला ते इमारतीत दिसतं. सेंटरमध्ये मुलं आहेत, बॉक्सिंग आहे, डान्स आहे, पण बाहेर रस्त्यावर माणूसच नाही, रिकामा स्विमिंग पूल, रिकामा पादचारी पूल, रिकामं मैदान. बाहेरच्याला वाटेल स्टाईल आहे. इथे राहणाऱ्याला माहीत आहे की ती रिकामी जागा कोणीतरी रिकामी केलेली आहे. आणि पाणी खराब असेल ही शंका या मुलींच्या मनात पहिली का येते, हे अमेरिकेत कुठल्याही ब्लॅक वस्तीत विचारा. शेजारच्या मिशिगनमध्ये फ्लिंट शहराच्या नळाला शिसं आलं ते याच सुमारास, २०१४ पासून.

केतकी_अटलांटा

ओहायोकर, फ्लिंट मला सुचलं कसं नाही. तुमचा प्रतिसाद वाचून काल परत पाहिला. माझा सोनाराचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण "ओझं कुठे आहे" हे वाक्य मागे घेते.

मृण्मयी७९

या विषयावरचा माझा सगळ्यात लाडका सिनेमा 'परायाह', डी रीसचा, २०११. ती स्वतः ब्लॅक आणि लेस्बियन, म्हणजे केतकीच्या भाषेत सोनारच. ब्रुकलिनची १७ वर्षांची अलीके, कविता करते, मुली आवडतात, आणि घरी चर्चला जाणारी आई. सुरुवातीलाच एक सीन आहे, रात्री घरी जाताना बसमध्ये ती टोपी काढते, ढगळ शर्ट उतरवते आणि कानात डूल घालते, घरात शिरण्याआधी आईची मुलगी होण्यासाठी. टोनीचे कान आणि अलीकेचे डूल शेजारी ठेवून बघा. एकीला मैत्रिणींत शिरायला कान टोचावे लागतात, दुसरीला स्वतःच्या घरात शिरायला. मला तर वाटतं दागिना एवढा नीट या दोन सिनेमांइतका कोणीच वापरलेला नाही.

कॅमेरा ब्रॅडफर्ड यंगचा, सनडान्सला त्याचं बक्षीसही मिळालं. काळ्या त्वचेवर निळा, जांभळा, लाल प्रकाश कसा बसतो ते त्यात बघावं. आपल्याकडे सावळ्या नटीवर पांढरा उजेड मारून तिला राखाडी करतात, त्याचा राग हा सिनेमा बघितल्यावर दुप्पट होतो.

घागर

पाहिला. आजच. माझ्या आत्याला नंतर कधी कोणी विचारलं नाही की तुला कसं वाटलं. सिनेमातल्या मुली एकमेकींना विचारतात. तिथे रडले.

रेवाची_आई

रेवा १२ वर्षांची आहे, तिच्याबरोबर बघितला. सांगायचं तर आधी मी एकटीने बघून घेतला, काही आक्षेपार्ह नाही, घाबरवणारं थोडं आहे. मला वाटलं ती विचारेल की फिट का आल्या. तिने ते विचारलंच नाही. तिला बीझी आवडली, टोनीची ती छोटी बडबडी मैत्रीण. आणि तिचा प्रश्न होता की टोनीने नेलपॉलिश खरवडून काढलं ते तिला आवडलं नाही म्हणून की लागलं नाही म्हणून, म्हणजे तिला ते शोभलं नाही म्हणून. मी म्हटलं तुला काय वाटतं. म्हणाली, तिला बघायचं होतं फक्त, लावून. मग उठून गेली झोपायला. आम्ही या वर्षी तिला बास्केटबॉल सोडायला सांगत होतो, आठवीच्या अभ्यासासाठी. तो विषय सध्या थांबवलाय.

मंदार_चिंचवड

रेवाला सांगा काकांना शेवट आता कळला.

सदाफुली

रेवाची आई, मी हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

केतकी, मृण्मयी, शनिवारी 'ईव्ह्ज बायू' लावायचा विचार आहे, केसी लेमन्सचा, १९९७ चा. लुइझियाना, १० वर्षांची ईव्ह, बाप डॉक्टर. दोन आवृत्त्या दिसतात, कुठली बघू?

केतकी_अटलांटा

दोन्ही बघ, पण आधी थिएटरची. डायरेक्टर्स कटमध्ये एक टॉमीकाका आहे, त्याला बोलता येत नाही. सगळी गोष्ट ज्या एका रात्रीभोवती फिरते त्या रात्री घरात नेमकं काय झालं हे त्याने बघितलंय आणि तो सांगू शकत नाही. निर्मात्यांनी त्याला सिनेमातून काढायला लावलं होतं. तो नसताना ईव्ह आणि तिची बहीण सिसली दोघीच उरतात त्या गोष्टीपाशी, आणि खरं काय ते त्या दोघींनाही नक्की ठरवता येत नाही. तो असताना खोलीत आणखी एक माणूस असतो. या धाग्यावर एवढं सगळं बोलून झाल्यावर तुला कुठली जास्त खरी वाटते ते रविवारी येऊन लिही, मी थांबते.